पाडव्याचा अग्निगोल

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. दुपारचं श्रीखंड संध्याकाळीही अंगात होतं. मी कासारवाडीच्या घरी गॅलरीत उभा. नाशिक फाट्याच्या दिव्यांपुढे आमच्याकडे चार तारे दिसले तरी पुष्कळ! तेवढ्यात नागपूरच्या मावसभावाने व्हिडिओ पाठवला. पेटलेल्या तुकड्यांची एक रांग, शेपट्यांसकट, सावकाश आकाशातून चाललेली. "दादा, हे काय आहे?" मी ठोकून दिलं, "उल्का!" वर दोन परिच्छेद ज्ञानही पाजळलं.

खरं तर उत्तर व्हिडिओतच होतं. उल्का सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर वेगाने वातावरणात घुसते. बहुतेक वेळा "अरे बघ" म्हणेपर्यंत खेळ खलास. हे प्रकरण मात्र रमतगमत चाललं होतं. पृथ्वीच्या जवळच्या कक्षेतून खाली येणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला 8 किलोमीटरच्या आसपास असतो, आणि ती फार तिरकी येते. त्याच संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूची भलीमोठी कडी सापडली. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते तो फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या चांग झेंग 3बी या चिनी रॉकेटचा तिसरा टप्पा होता.

झाली ना पंचाईत! मग मी जुनी प्रकरणं वाचत बसलो. 19 डिसेंबर 1798 ला रात्री आठच्या सुमारास बनारसजवळ लोकांना आगीचा गोळा दिसला, गडगडाट झाला आणि दगड पडले. एक तर राखणदाराच्या झोपडीचं छप्पर फोडून आत! तेव्हा युरोपातले बरेच विद्वान 'आकाशातून दगड' म्हटलं की हसायचे. खेडुतांच्या भाकडकथा म्हणे. (आमच्या ऑफिसातही युजरने कळवलेला बग आधी असाच उडवून लावतात.) जर्मनीच्या क्लाड्नीने मात्र 1794 मध्ये अशाच लोकांच्या हकिकती गोळा करून, हे दगड अवकाशातूनच येतात असं मांडलं होतं. बनारसच्या गावकऱ्यांनी काय पाहिलं ते जॉन लॉइड विल्यम्सने विचारून लिहून काढलं. दगड इंग्लंडला गेले. एडवर्ड हॉवर्डने 1802 मध्ये ते, आणि इटली-इंग्लंडात पडलेले दगडही, तपासले. सगळ्यांत निकेल! इतक्या लांबलांबच्या दगडांत एकच खूण सापडल्यावर हसणारे हळूहळू गप्प झाले.

विल्यम्सने आधी विचारलं होतं. मी आधी सांगून मोकळा झालो होतो.

शेवटी भावाला फोन लावला. किती वेळ दिसलं? कुठून कुठे गेलं? आवाज आला का?

"हे त्याच दिवशी विचारायचं ना दादा! मी तुझं ज्ञान सगळ्या ग्रुपवर फॉरवर्ड करून बसलो."