तळ्याकाठचे सख्य

मासेमारी म्हटली की डोळ्यांपुढे उभा राहतो तो जाळे फेकणारा पुरुष. बाजारात मासळीची पाटी घेऊन बसलेली स्त्री सर्वांना दिसते, परंतु पाण्याशी तिचे नाते काय, याचा विचार सहसा होत नाही. वास्तविक पाण्याकाठी जमणाऱ्या स्त्रियांचे सख्य ही जगात अनेक ठिकाणी आढळणारी गोष्ट आहे. कुठे ते छंदातून जुळते, तर कुठे पोटापाण्याच्या गरजेतून. पूर्व विदर्भातील तलावांच्या प्रदेशात त्याला जे रूप आले आहे, ते विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

रेशीम, पिसे आणि गळ

पाश्चात्त्य देशांत ‘फ्लाय फिशिंग’ हा मासेमारीचा एक प्रतिष्ठित प्रकार मानला जातो. यात गळाला गांडूळ किंवा कणीक लावली जात नाही. पिसे, केस आणि धागा यांची माशीसारखी दिसणारी कृत्रिम आकृती गळावर बांधतात आणि लवचीक काठीच्या झोताने ती पाण्यावर अलगद टाकतात. इंग्रजीत १४९६ साली छापल्या गेलेल्या गळाच्या मासेमारीवरील प्रबंधाचे कर्तृत्व परंपरेने डेम ज्युलियाना बर्नर्स या स्त्रीकडे दिले जाते. अभ्यासकांत त्याविषयी मतभेद असले, तरी या छंदाच्या आरंभाशीच एका स्त्रीचे नाव जोडलेले आहे, हे खरे. अमेरिकेत मेरी ऑर्व्हिस मारबरी यांनी १८९२ साली अशा माशांचा इतिहास सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९३२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात केवळ स्त्रियांचा फ्लाय फिशिंग क्लब स्थापन झाला. पुरुषांच्या क्लबांत स्त्रियांना सहजी प्रवेश नव्हता, त्या काळातील ही घटना आहे. १९९६ मध्ये अमेरिकेतच स्तनांच्या कर्करोगातून उठलेल्या स्त्रियांसाठी ‘कास्टिंग फॉर रिकव्हरी’ ही संस्था सुरू झाली. काठी फेकण्याच्या हालचालीने शस्त्रक्रियेनंतरच्या हाताला सौम्य व्यायाम मिळतो, आणि समदुःखी मैत्रिणींच्या संगतीने मनाला उभारी येते, हा त्यामागचा विचार होता.

या काठीची दोरी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रेशमाची असे. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात आंधळगाव हे गाव रेशमाच्या धाग्यासाठीच ओळखले जाते. कोशाच्या, म्हणजे टसरच्या, कापडाचे हातमाग ही या परिसराची जुनी ओळख. मागावर पुरुष बसला, तरी धागा काढण्यापासून कांड्या भरण्यापर्यंतची कामे बायकांच्या हातची. कापडावर नाव मात्र विणकराचे लागते. मासळीच्या व्यवसायातही हेच घडत आले आहे.

तलावांचा जिल्हा

भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. १ मे १९९९ रोजी त्याचे विभाजन होऊन गोंदिया हा नवा जिल्हा झाला, तरी दोन्हींचा भूगोल एकच. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने येथे शेकडो तलाव बांधले. चढावर पाणी अडवायचे, पाळीखालच्या बांध्यांत धान पिकवायचे आणि पाण्यात मासळी वाढू द्यायची, अशी ही व्यवस्था होती. पुढे मालगुजारांकडे त्यांची देखरेख आली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे गेले. तेव्हापासून त्यांना ‘माजी मालगुजारी’ किंवा थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हटले जाते. पूर्व विदर्भाच्या जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत.

या तलावांवर पिढ्यान्पिढ्या जगणारा समाज म्हणजे ढिवर. मासळीबरोबरच शिंगाडे आणि कमळाचे कंद हीदेखील त्यांची उपजीविका. तलावात जाळे टाकण्याचे काम पुरुषांचे. मासळी साफ करणे, वाळवणे, डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव फिरणे, आठवडी बाजारात बसणे, शिंगाडे उकडून विकणे, ही सारी कामे स्त्रियांची. पावसाळ्यात बांध्यांत आणि नाल्यांत चढणारी बारीक मासळी व झिंगे पकडण्यातही त्यांचा हात असतो. तरीही मासेमारी सहकारी संस्थेचे सभासदत्व बहुधा घरच्या पुरुषाच्या नावावर असते. तलावाचा ठेका संस्थेला मिळतो आणि त्यासंबंधीचे निर्णय सभासद घेतात. त्यामुळे अर्धे काम करणारी स्त्री निर्णयाच्या वेळी बाहेरच राहते.

तलाव आटले नाहीत, ओस पडले

हा प्रश्न केवळ हक्काचा नाही. गेल्या काही दशकांत तलावांतील स्थानिक मासळी झपाट्याने घटली. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले आणि कतला, रोहू, मृगळ यांचे बीज मुबलक मिळू लागले. पुढे परदेशी कार्पही आले. उत्पादन वाढले हे खरे, परंतु पाणवनस्पती खाणाऱ्या ग्रास कार्पसारख्या जातींनी तलावाचा तळ उघडा केला. उथळ काठावर ‘बेशरम’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या इपोमियाने ठाण मांडले. मरळ, मागूर यांसारख्या देशी माशांना आसऱ्यासाठी आणि पिलांच्या वाढीसाठी वनस्पतींची गरज असते. वनस्पती गेल्या, तशी मासळीही गेली. वरून पाहणाऱ्याला तलाव भरलेला दिसे, पण जाळ्याला फारसे काही लागत नसे. त्याची पहिली झळ बाजारात रिकामी पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला बसली.

भंडारा येथील फीड या संस्थेचे मनीष राजनकर यांनी ढिवर समाजाच्या जाणकारांना सोबत घेऊन या ऱ्हासाचा अभ्यास केला. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या उपयोगाची, ती किती खोल पाण्यात वाढते, हे ज्ञान पुस्तकांत नव्हते, ते म्हाताऱ्या मासेमारांकडे होते. त्यातून एक पद्धत आकाराला आली. उन्हाळ्यात काठावरची बेशरम मुळासकट उपटायची, उथळ भाग नांगरायचा, पाऊस पडल्यावर हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या देशी वनस्पती लावायच्या आणि त्या खाणारे मासे तलावात सोडायचे नाहीत.

गटाची ताकद

या कामात स्त्रिया आल्या, त्या मजूर म्हणून नव्हे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यातील निमगावच्या शालू कोल्हे यांचे नाव या संदर्भात घ्यावे लागते. ढिवर समाजातील या कार्यकर्तीने महिलांना गटांत बांधले, त्यांना तलावाच्या कामात आणि ग्रामसभेत उतरवले. पाण्यात उतरणे हे बायकांचे काम नव्हे, ही समजूत त्यामुळे सैल होऊ लागली.

अशा गटांची सुरुवात बहुधा बचतीतून होते. १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळामुळे आणि बँकांच्या साहाय्यामुळे बचत गट महाराष्ट्राच्या खेड्यांत रुजले. महिन्याच्या बैठकीत पैशांचा हिशेब होतो, पण त्याचबरोबर कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाची पाटी बाजारात उचलायला हात हवा, कोणाच्या मुलीची शाळा सुटते आहे, हेही कळते. एकटी बाई ठेकेदाराशी किंवा कार्यालयातील बाबूशी बोलताना कचरते, पण दहाजणी मिळून गेल्या की बोलणे ऐकून घेतले जाते. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, अशी तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. ती कागदावर राहायची की तलावाचा विषय तिथे निघायचा, हे अशा गटांच्या एकीवर अवलंबून असते.

छंदासाठी जमणाऱ्या परदेशी स्त्रिया आणि पोटासाठी राबणाऱ्या ढिवर स्त्रिया यांची तुलना एका मर्यादेपलीकडे करता येणार नाही. एकीला पाणी विसावा देते, तर दुसरीला भाकर. तथापि, पुरुषांच्या मानल्या गेलेल्या क्षेत्रात एकटीने पाऊल टाकणे अवघड असते आणि सोबतीने ते सोपे होते, हा अनुभव दोघींचा सारखाच आहे. न्यूयॉर्कच्या स्त्रियांनी आपला क्लब काढला, कारण पुरुषांच्या क्लबांची दारे त्यांना सहजी उघडत नव्हती. पूर्व विदर्भातील स्त्रीला वेगळा तलाव काढता येणार नाही. तिला आहे त्याच तलावावर, आहे त्याच संस्थेच्या सभासद यादीत आपले नाव हवे आहे. घरातील कर्ता पुरुष गेल्यानंतर तलावावरचा हक्क टिकतो की नाही, याचे उत्तर त्या यादीतच असते.