दवाखान्याची पाटी आणि तिच्यामागचा इतिहास



आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. तुमच्या जवळच्या सरकारी दवाखान्याच्या पाटीवर अगदी वरच्या ओळीत काय लिहिलंय? गावाचं नाव नव्हे, त्याच्याही वर. आठवतंय का? बहुतेकींना आठवणार नाही. मलाही कित्येक वर्षं माहीत नव्हतं. ती ओळ वाचायची असते हे मला फार उशिरा कळलं.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या धाकट्या जावेला रात्री कळा सुरू झाल्या. तेव्हा १०८ ची गाडी नव्हती. जीप करून तिला एका दवाखान्यात नेलं, तिथं डॉक्टर नव्हते. पुढे मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत उजाडलं. जाऊ वाचली, लेकरू गेलं. महिनाभरानं आम्ही दोघी तक्रारीचा अर्ज घेऊन जिल्ह्याच्या गावी गेलो. मोठ्या दवाखान्याच्या कचेरीतला माणूस म्हणाला, "बाई, तो दवाखाना आमचा नाही." मी म्हणाले, "सरकारी आहे ना? मग तुमचा कसा नाही?" त्यानं अर्ज परत दिला. योग्य दार सापडायला आम्हाला तीन खेपा पडल्या, तीन दिवसांची मजुरी बुडाली. चौथ्या खेपेला जाऊ आलीच नाही.

तो माणूस खोटं बोलत नव्हता, हे नंतर समजलं. सरकारी दवाखान्यांचे मालक खरोखरच वेगवेगळे आहेत. ते तसे का झाले, हा आजचा विषय.

आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दप्तर उर्दूत चालायचं. डॉक्टर आणि मोठा दवाखाना शहरात. खेड्यात सुईण, वैदू आणि देवाचा अंगारा. गंमत बघा, हिवताप डासामुळे होतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस या डॉक्टरला १८९७ साली सापडला तो सिकंदराबादेत, म्हणजे याच संस्थानात, राजधानीला लागून. पण राजधानीत लागलेला शोध बालाघाटाच्या डोंगरातल्या वाडीपर्यंत यायला पन्नासएक वर्षं लागली. शोध लागला तरी तो दारापर्यंत आणणारी माणसं आणि व्यवस्था लागते. ती आपल्याकडे नव्हती.

इंग्रजांच्या मुलखात १९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९४६ साली आला. पैसे नाहीत म्हणून कुणाचा उपचार अडता कामा नये, आणि दवाखाना शहरात बसून न राहता खेड्याकडे गेला पाहिजे, असं त्या समितीनं सांगितलं. सुरुवातीला चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र काढावं, असा तिचा हिशोब होता. 'प्राथमिक आरोग्य केंद्र' हा आपल्या तोंडी बसलेला शब्द तिथून आला. स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि विकास गटांमध्ये अशी केंद्रं उघडू लागली.

मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. आपल्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची तारीख मात्र १ मे १९६२ ही आहे. त्या दिवशी राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावाचा कारभार गावाजवळच्या, निवडून दिलेल्या माणसांनी बघावा, असा त्यामागचा विचार. म्हणून प्राथमिक शाळांसारखीच प्राथमिक आरोग्य केंद्रंही जिल्हा परिषदेकडे आली. जिल्ह्याचा मोठा दवाखाना, ज्याला आपण 'सिव्हिल' म्हणतो, तो मात्र राज्य सरकारनं स्वतःकडे ठेवला.

त्या दिवसापासून आरोग्याच्या घरात दोन चुली झाल्या.

पहिली चूल जिल्हा परिषदेची. तिच्यात सगळ्यात खाली उपकेंद्र. नियमाप्रमाणे साधारण पाच हजार लोकांमागे एक, डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजारांमागे एक. तिथं आपली नर्सबाई असते. त्याच्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, तीस हजार लोकांमागे एक. त्यावर तालुका आरोग्य अधिकारी, त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी आणि त्यांच्याही वर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे सीईओ.

दुसरी चूल राज्य सरकारची. तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय, त्याच्यावर उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय. या सगळ्यांचे प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक, म्हणजे सिव्हिल सर्जन. सीईओसाहेब त्यांचे वरिष्ठ नाहीत. म्हणून एकाच्या दवाखान्याची तक्रार दुसऱ्याकडे नेली की अर्ज परत येतो.

पुढे तिसरी चूलही झाली. १९७० साली राज्यानं डॉक्टर शिकवणारी कॉलेजं आणि त्यांची रुग्णालयं वेगळ्या संचालकांकडे दिली. १९७४ साली आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय निघालं. खेड्यापाड्यातल्या माणसांसाठी काढलेलं हे कॉलेज जिल्ह्याची मोठी कमाई आहे. पण ते सिव्हिल सर्जनच्याही हाताखाली नाही आणि जिल्हा परिषदेच्याही नाही.

हा फरक खिशालाही कळतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत करायचा निर्णय झाला. पण वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नव्हता. दोन्ही ठिकाणी पाटीवर 'शासकीय'च लिहिलेलं. एकीकडे पैसे पडत नाहीत, दुसरीकडे पडतात, आणि बाई बिचारी विचार करत बसते की आपल्यालाच फसवलं की काय.

आता कुणी म्हणेल, मग ही वाटणी चूकच झाली. मी तसं म्हणणार नाही. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे आलं म्हणून तर आपल्या मताला तिथं किंमत आली. जिल्हा परिषदेची आरोग्य समिती असते, तिच्यात निवडून आलेले सदस्य बसतात. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांना आहेत. डॉक्टर नाही, औषध नाही, हे सदस्यबाईला घरी जाऊन सांगता येतं. मुंबईतल्या साहेबाच्या घरी आपण कशा जाणार? उलट बाजूही सांगते. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. सदस्याची खुर्ची रिकामी राहिली की आरोग्य केंद्रावरचा आपला हातही सुटतो. मतदान आणि बाळंतपण यांचा संबंध असा आहे.

दुसरी अडचण एकाच छपराखाली आहे. आरोग्य केंद्रातली नर्सबाई जिल्हा परिषदेची कर्मचारी, पण तिथले डॉक्टर बहुधा राज्य सरकारच्या सेवेतले. त्यांची नेमणूक आणि बदली वरून होते. त्यामुळे डॉक्टरची जागा रिकामी असेल तर ती भरणं एकट्या जिल्हा परिषदेच्या हातात नसतं. हे माहीत नसलं की आपण नर्सबाईवर ओरडतो. बिचारी एकटी दोन माणसांचं काम करत असते.

तिचं कामही कसं वाढत गेलं बघा. पूर्वी हिवतापाचा माणूस वेगळा यायचा, देवीची लस टोचणारा वेगळा, कुटुंब नियोजनवाला वेगळा. १९७३ साली कर्तारसिंग समितीनं सांगितलं की एकाच माणसानं घरभेटीत सगळं बघावं. तेव्हापासून नर्सबाईकडे गरोदरपण, लसीकरण, ताप, नोंदवह्या सगळं आलं. १९७५ साली देशातून देवीचा रोग गेला आणि २०११ नंतर नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रोगी सापडला नाही. ही कामगिरी अशाच पायी फिरणाऱ्या बायामाणसांची आहे.

आपल्या शेजारीच, पाटोद्याच्या पलीकडे जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली वेगळाच प्रयोग सुरू केला. गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर असलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. शाळेची पायरी न चढलेली बाई बाळंतपण सांभाळू लागली, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजू लागली. हे काम जगानं पाहिलं. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि गावोगाव आशाताई नेमल्या गेल्या, त्यामागे अशाच कामांचा अनुभव होता. आज या तीन चुलींपैकी कुठली कुठं आहे, हे गावात कुणाला नीट ठाऊक असेल तर आशाताईला.

हे सगळं आपल्या जिल्ह्याला का ठाऊक असावं? २०१९ साल आठवा. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, अशी बातमी देशभर झाली. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. त्यानंतर खासगी दवाखान्यात पिशवी काढायची असेल तर आधी सिव्हिल सर्जनची परवानगी घ्यावी, असा नियम जिल्ह्यात आला.

पण मला विचाराल तर त्या बायका खासगी दवाखान्यापर्यंत का गेल्या, हा खरा प्रश्न. अंगावरून जातंय म्हणून उपकेंद्रात गेलं तर तिथं तपासायला स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. ते असतात मोठ्या रुग्णालयात, म्हणजे दुसऱ्या चुलीवर. पहिल्या चुलीकडून दुसरीकडे जायची चिठ्ठी, गाडी, एक दिवसाची मजुरी, सोबतीला माणूस, हे सगळं जुळवायचं बाईनं. मधेच मुकादमाची गाडी दारात उभी. घाटाखाली जायला वेळ कुणाला? दोन चुलींच्या मधल्या मोकळ्या जागेतच आपल्या बायका हरवतात. माझ्या जावेचं लेकरू तिथंच हरवलं.

म्हणून आज सगळ्यांनी मिळून एक काम करू. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत जवळच्या दवाखान्याची पाटी वाचून या आणि वहीत लिहा. वर 'जिल्हा परिषद' असेल तर तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे, नाही ऐकलं तर जिल्हा आरोग्य अधिकारी आणि सीईओकडे. ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय असेल तर सिव्हिल सर्जनकडे. कॉलेजचं रुग्णालय असेल तर तिथल्या अधिष्ठात्यांकडे. आणि पहिल्या दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं, तर लातूरला आरोग्य उपसंचालक बसतात. बीड जिल्हा त्यांच्या परिमंडळात येतो आणि दोन्ही वाटा त्यांच्यापाशी येऊन मिळतात. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्या. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्यात आपल्यातली कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, हे ग्रामसभेत विचारा.

माझी जाऊ आता आजी झाली आहे. तिच्या सुनेच्या वेळी आम्ही आठव्या महिन्यातच सगळं लिहून ठेवलं होतं. आशाताईचा नंबर, १०८, आणि कुठला दवाखाना कुणाच्या हाताखाली, ते. तो कागद अजून कणगीच्या वर खिळ्याला टांगलेला आहे. तुमच्याही घरात तो असू द्या.