‘मृत्यू किंवा पुनर्विवाह’ : एका शब्दयोजनेचा मागोवा

कडेगावच्या परिसरातील शेतकरी समाजात विवाहाला दोन शब्द होते. कुमारिकेचे ते ‘लग्न’, विधवेचा तो ‘पाट’. पाटाला प्रतिष्ठा कमी, परंतु रूढीची संमती होती. मराठेशाहीत त्यावर ‘पाटदाम’ नावाची पट्टीही घेतली जात असे. ज्यावर सरकार कर बसविते ते कृत्य निषिद्ध नव्हे, हे उघडच आहे.

सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यामुळे १८५६ चा हिंदू विधवा पुनर्विवाह कायदा या भागास लागू झाला. ज्या जातींत पुनर्विवाह वर्ज्य होता त्यांच्यासाठी तो प्रामुख्याने केलेला. त्याच्या दुसऱ्या कलमाने मात्र पुनर्विवाह करणारी विधवा जणू त्याच क्षणी मृत झाली असे मानून पूर्वपतीच्या मिळकतीतील तिचा निर्वाहाचा व वारशाचा हक्क संपुष्टात आणला. जेथे पाट पूर्वापार चालत आला होता, तेथेही हे कलम लावावे काय? अलाहाबाद उच्च न्यायालयाचे उत्तर नकारार्थी होते. मुंबईच्या पूर्णपीठाने ‘विठू विरुद्ध गोविंदा’ या खटल्यात होकार दिला. ज्यांना नवी मोकळीक नको होती त्यांच्याकडूनच तिची किंमत वसूल झाली, असे म्हणावे लागते.

निवृत्तिवेतनाचे नियम निराळे, पण त्यांची भाषा ओळखीची आहे. १ जानेवारी १९६४ पासूनच्या केंद्रीय कुटुंबनिवृत्तिवेतन योजनेत विधवेचे वेतन मृत्यू अथवा पुनर्विवाह, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंतच देय ठरले. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतही हीच मर्यादा आढळते. मूळ कायदा तर १९८३ मध्येच रद्द झाला होता! ‘किंवा’ या अव्ययाने दोन घटना एका पंक्तीस बसविल्या आहेत. ही गोष्ट केवळ व्याकरणाची नव्हे.

सातारा-सांगलीकडील सैनिकी घरांना याहून चमत्कारिक अट ठाऊक असेल. शौर्यपदकाचा भत्ता पुनर्विवाहानंतर चालू राहावा, तर विधवेने मृत पतीच्या भावाशीच विवाह करावा, अशी ती अट १६ नोव्हेंबर २०१७ रोजी काढून टाकण्यात आली. भत्त्याचा मानकरी एक, अट मात्र त्याच्या घराण्याची!

नागरी सेवेत १ जानेवारी २००६ पासून निपुत्रिक विधवेस, तिचे उत्पन्न ठराविक मर्यादेपेक्षा कमी असल्यास, पुनर्विवाहानंतरही वेतन मिळते. अपत्यवतीने पुनर्विवाह केल्यास ते वेतन अपत्यांकडे जाते.