वर्गणीतील राजकीय हिस्सा

ब्रिटनमधील कामगार संघटनांच्या वर्गणीत राजकीय कार्यासाठीचा हिस्सा विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाला. संसद सदस्यांना १९११ पर्यंत वेतन नव्हते. त्यामुळे खाणीतून वा रेल्वेतून निवडून आलेल्या प्रतिनिधीचा लंडनमधील चरितार्थ संघटनेलाच चालवावा लागे. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या वॉल्थमस्टो शाखेचा चिटणीस वॉल्टर ऑस्बोर्न हा उदारमतवादी पक्षाचा समर्थक असल्याने त्याने मजूर पक्षासाठीच्या या वसुलीविरुद्ध दावा लावला आणि कायद्याने असा अधिकार संघटनांना दिलेलाच नाही, असा निर्णय लॉर्ड्स सभागृहाने १९०९ मध्ये दिला.

यातून निघालेली तडजोड म्हणजे १९१३ चा कायदा. सदस्यांच्या गुप्त मतदानाने मंजुरी मिळाल्यास संघटनेला 'राजकीय निधी', म्हणजे निवडणुका व प्रचार यांसाठीचा स्वतंत्र निधी, उभारता येई. ज्याला हा हिस्सा द्यायचा नसेल त्याने तसे लेखी कळवून सूट घ्यावी आणि त्यामुळे त्याच्या इतर हक्कांना बाध येऊ नये, अशी तरतूद होती. जो काहीच कळवणार नाही, त्याची संमती मात्र गृहीत धरली जाई. मतदान गुप्त ठेवणाऱ्या या कायद्याने सूट नावानिशी मागायला लावली, हा त्यातील खरा पेच होता; ज्या सहकाऱ्यांसोबत रोज काम करायचे, त्यांच्या देखत वेगळे पडण्यापेक्षा थोडे पेन्स देणे पुष्कळांना सोयीचे वाटले असल्यास नवल नाही.

१९२६ च्या सार्वत्रिक संपानंतर हुजूर पक्षाच्या सरकारने १९२७ मध्ये ही रीत उलटवली: आता जो लेखी होकार देईल त्याच्याकडूनच हिस्सा घ्यायचा होता. संघटनांमार्फत मजूर पक्षाशी संलग्न असलेल्या, म्हणजे हिस्सा देणाऱ्या, सदस्यांची संख्या वर्षभरात सुमारे ३२ लाखांवरून २० लाखांवर आली. मजूर पक्षाच्या अॅटली सरकारने १९४६ मध्ये जुनी पद्धत परत आणताच २६ लाखांच्या घरातील आकडा पुढच्याच वर्षी ४३ लाखांपलीकडे गेला. रोजगारातील वाढीचा त्यात काही वाटा असेलही. परंतु एवढ्या थोड्या अवधीत लाखो कामगारांची राजकीय मते दोनदा पालटली असे मानण्यापेक्षा, बहुसंख्यांनी दोन्ही वेळा कागदाला हातच लावला नाही, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. दोन्ही पक्षांना हे ठाऊक होते. म्हणून सदस्यांच्या स्वातंत्र्याची भाषा करीत दोघेही त्यांच्या आळसावर भिस्त ठेवून होते.

भारतात कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात कामगार संघटनांच्या नोंदणीचा आग्रह धरला आणि त्याची परिणती १९२६ च्या कायद्यात झाली. त्याच्या सोळाव्या कलमाने राजकीय निधीची वर्गणी स्वतंत्रपणे आकारण्याचे बंधन घातले, तिची सक्ती करण्यास मनाई केली आणि ती देण्याच्या अटीवर सदस्यत्व देऊ नये असेही सांगितले.

ब्रिटनमध्ये १९८४ च्या कायद्याने निधीसाठी दर दहा वर्षांनी फेरमतदान आवश्यक केले. उत्तर आयर्लंडमध्ये १९४६ चा बदल पोहोचलाच नाही आणि लेखी होकाराची १९२७ ची रीत तेथे टिकून राहिली. ग्रेट ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्याने तीच रीत पुन्हा आणली, पण ती नव्या सदस्यांपुरती. जुन्या सदस्यांचा हिस्सा पूर्वीप्रमाणेच, त्यांनी नकार कळवेपर्यंत, कापला जात राहिला.