मालगुंडचे घर आणि धारवाडचे मास्तर



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या नावे चालते. तेव्हा विषयही एका शिक्षकाचाच घ्यावा, असे मनात आले. हा शिक्षक सीमेच्या या बाजूला, आपल्याजवळच्या धारवाडात शिकवीत होता आणि हुबळीत वारला. आज तो ‘आधुनिक मराठी कवितेचा जनक’ म्हणून ओळखला जातो. त्याचे घर मात्र पाहायचे तर रत्नागिरी जिल्ह्यात मालगुंडला जावे लागते.

गणपतीपुळ्याच्या अगदी शेजारी असलेल्या या गावात कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच केशवसुत, यांचा जन्म १८६६ साली झाला. जन्मतिथीविषयी ग्रंथांत एकवाक्यता नाही. कोणी १५ मार्च देतात, कोणी ७ ऑक्टोबर. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या मध्यमवर्गीय घरात मुलाच्या जन्मतारखेची नोंद किती सैल असे, याची कल्पना यावरून येते. कोकण मराठी साहित्य परिषदेची स्थापना १९९१ मध्ये मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने झाली. या परिषदेने मालगुंडचे ते घर जतन करून तेथे स्मारक उभारले आणि १९९४ च्या मे महिन्यात कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. एका कवीच्या घराचे दार दुसऱ्या कवीने उघडावे, यात औचित्य होते. मराठीत अशी उदाहरणे थोडीच आहेत. आपण राजांचे वाडे जपतो, संतांच्या समाध्या जपतो. कवीचे बिऱ्हाड जपण्याची सवय आपल्याला फार उशिरा लागली.

घर जुन्या कोकणी धर्तीचे, बैठे, साधे आहे. आत त्या काळच्या कोकणी संसारातील घरगुती वस्तू मांडल्या आहेत. शेजारी काव्यदालनात केशवसुतांनंतरच्या कवींची छायाचित्रे आणि त्यांच्या कविता लावलेल्या आहेत. पाहणारा या वास्तूत सावकाश फिरतो आणि थोड्या वेळाने त्याच्या मनात एक अवघड प्रश्न उभा राहतो. या घरात केशवसुतांचे नेमके काय आहे? ज्या कवितांसाठी आपण येथे येतो त्या या छपराखाली लिहिल्या गेलेल्या नाहीत. येथे एक मूल जन्मले. कवी घडला तो इतरत्र.

तो कोठे घडला, हे पाहू लागले की नकाशाच पुढे घ्यावा लागतो. वडील केशव विठ्ठल दामले हे शाळाशिक्षक. मुलाच्या शिक्षणाची वाट कोकणातून निघाली ती बडोद्याला गेली, तेथून वऱ्हाड-नागपूरकडे वळली. नागपुरास रेव्हरंड ना. वा. टिळकांचा सहवास घडला. पुढे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८८९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते मॅट्रिक झाले. पुण्यातच हरि नारायण आपट्यांशी त्यांचा स्नेह जडला. नंतर मुंबईत काही वर्षे मिळेल ती नोकरी केली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा त्यांनी ते शहर सोडले आणि खानदेशात भडगाव व फैजपूर येथे शिक्षकी पत्करली. अखेर १९०४ मध्ये ते धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक म्हणून आले. पुढच्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९०५ रोजी, हुबळी येथे प्लेगने त्यांचा अंत झाला. वय एकोणचाळीस. पाठोपाठ काही दिवसांतच पत्नीही गेली.

प्लेगचा हा धागा मला या चरित्रात सर्वांत हृदयद्रावक वाटतो. ज्या रोगाच्या भयाने मुंबई सोडली, त्यानेच नऊ वर्षांनी दूर हुबळीत गाठले. आपल्या भागातील जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘प्लेगची साल’ हा कालगणनेचाच एक प्रकार होता. गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहणे, घरात उंदीर पडला की चूल बंद करून निघणे, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी केलेले आहे. हुबळीवर तर हे संकट फार कठोरपणे कोसळले. १८९८ मध्ये हाफकिनची प्रतिबंधक लस मोठ्या प्रमाणावर टोचली गेलेल्या गावांत हुबळीचे नाव आहे. तरीही सात वर्षांनी प्लेग तेथे होताच. वाङ्मयेतिहासात केशवसुतांच्या मृत्यूला एक ओळ मिळते. त्या ओळीमागे एका अख्ख्या प्रदेशाचा हाहाकार आहे, हे आपण तरी विसरू नये.

येथे एका परदेशी घराची आठवण होणे अपरिहार्य आहे. ज्या इंग्रजी कवींच्या वाचनाने केशवसुतांची पिढी भारून गेली होती त्यांत जॉन कीट्स हा एक. तो क्षयाने २३ फेब्रुवारी १८२१ रोजी रोममधील पियात्सा दि स्पान्या या चौकालगतच्या भाड्याच्या घरात वारला. वय अवघे पंचवीस. संसर्गाच्या भीतीने तेव्हाच्या कायद्यानुसार खोलीतील सामान जाळून टाकण्यात आले. पुढे त्याच घरात कीट्स व शेली यांच्या नावाचे संग्रहालय झाले आणि १९०९ मध्ये ते लोकांसाठी खुले करण्यात आले. म्हणजे तेथे कवीची खोली आहे, पण त्याने वापरलेले सामान नाही. मालगुंडला घर आहे, पण ते कवितेच्या जन्माचे नाही. दोन्ही ठिकाणी पाहणाऱ्याला जे नाही त्याच्याशीच अधिक बोलावे लागते. रोमने मृत्यूची जागा जपली, आपण जन्माची जपली. आपली रीत मला चुकीची वाटत नाही, अपुरी वाटते एवढेच.

कारण केशवसुत हे बिऱ्हाडकरू होते. शाळामास्तराचा पगार, बदलती गावे, भाड्याच्या खोल्या. या परिस्थितीत त्यांनी सुमारे १३५ कविता लिहिल्या. जळगावहून निघणाऱ्या ‘काव्यरत्नावली’सारख्या मासिकांतून त्या छापल्या जात. ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ १८८८ चा, ‘तुतारी’ १८९३ ची. इंग्रजीतील चौदा ओळींचे सॉनेट त्यांनी १८९२ मध्ये मराठीत आणले. जातिभेदावर, रूढींवर घाव घालणारी ही वाणी एका अबोल, संकोची माणसाची होती. सभा गाजवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. स्वतःचे नाव पुढे करण्याचीही हौस नव्हती. ‘केशवसुत’ या नावाचा अर्थच ‘केशवाचा मुलगा’. रूढींविरुद्ध तुतारी फुंकणाऱ्या कवीने स्वतःला ओळखावे ते वडिलांच्या, म्हणजे मालगुंडच्या त्या मास्तरांच्या नावाने! मालगुंडच्या घराचा खरा हक्क मला येथे दिसतो. देशावर राहूनही ते कोकण विसरले नव्हते. ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ ही कविता वाचून मग त्या अंगणात उभे राहावे; समुद्रावरून येणारा वारा अंगावर येतो तेव्हा संग्रहालयातील कोणत्याही वस्तूपेक्षा तो अधिक विश्वासाचा वाटतो.

त्याच घराण्याची दुसरी देणगीही सांगितली पाहिजे. धाकटे बंधू मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. आजही मराठी व्याकरणाचा गंभीर अभ्यास त्याला वगळून होत नाही. एका भावाने कवितेची जुनी बंधने सैल केली, दुसऱ्याने भाषेचे नियम घट्ट बसवले. दोन्ही कामे एकाच मास्तरांच्या मुलांनी केली.

आता आपल्याकडचे थोडेसे. आपल्या भागात भाषेचा प्रश्न निघाला की बोलणे लगेच तापते, आणि त्याला कारणेही आहेत. पण १९०४ साली धारवाडच्या त्या हायस्कुलात केशवसुत मराठी शिकवीत होते, तेव्हा वर्गाबाहेर कन्नड बोलली जात होती. ज्या गावाच्या मातीत त्यांचा देह मिळाला ते कन्नडभाषकांचे गाव. मराठी कवितेच्या पहिल्या आधुनिक कवीचा शेवटचा मुक्काम कन्नड मुलखात असावा, हे दोन्ही भाषांच्या लोकांनी मिळून सांगण्यासारखे आहे.

त्या काळच्या शाळांची हजेरीपत्रके, पगाराच्या नोंदी, प्लेगच्या सुट्ट्यांचे हुकूम असले कागद जुन्या संस्थांच्या कपाटांत सापडण्याचा संभव असतो. मालगुंडला ते मिळणार नाहीत. ते मिळाले तर इकडेच. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेक जण या ना त्या शाळेत नोकरी केलेले आहेत. आपापल्या शाळेचे जुने दप्तर वाळवीच्या हवाली होण्यापूर्वी एकदा उघडून पाहावे आणि त्यात १९०४-०५ ची एखादी वही निघाली, तर ती रद्दीत घालण्याआधी ‘कृ. के. दामले’ अशी सही कोठे आहे का, ते बघावे.