प्रेमिंद्रसिंग भगत

लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्रसिंग भगत (१४ ऑक्टोबर १९१८ – २३ मे १९७५) हे भारतीय भूदलातील एक ज्येष्ठ सेनाधिकारी होते. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिश साम्राज्याचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत. हा सन्मान लाभलेले ते पहिले भारतीय कमिशनप्राप्त अधिकारीही होते. स्वातंत्र्योत्तर काळात त्यांनी मध्य व उत्तर या दोन विभागांचे सेनाप्रमुखपद भूषवले. १९६२च्या पराभवाची चौकशी आणि १९७२ची नियंत्रणरेषेची आखणी या दोन ऐतिहासिक कामांशी त्यांचे नाव निगडित आहे.

बालपण आणि शिक्षण

भगत यांचा जन्म गोरखपूर येथे झाला. त्यांचे वडील संयुक्त प्रांताच्या सरकारी सेवेत कार्यकारी अभियंता होते. तीन भावांत प्रेमिंद्र धाकटे. ते नऊ वर्षांचे असताना मातृछत्र हरपले. १९३०मध्ये त्यांना डेहराडून येथील लष्करी विद्यालयात (सध्याचे राष्ट्रीय भारतीय लष्करी महाविद्यालय) दाखल करण्यात आले. १९३७मध्ये ते त्याच शहरातील इंडियन मिलिटरी अकादमीत गेले. तेथील प्रशिक्षण सुरू असतानाच १९३८मध्ये घोड्यावरून झालेल्या अपघातात वडिलांचे निधन झाले. अशा रीतीने विसाव्या वर्षाच्या आतबाहेर असतानाच ते आईवडील दोघांनाही पारखे झाले. जुलै १९३९मध्ये त्यांना अभियंता दलात कमिशन मिळाले.

बॉम्बे सॅपर्स

भगत यांची नेमणूक पुण्याजवळील खडकी येथे मुख्यालय असलेल्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स या दलाच्या २१व्या फील्ड कंपनीत झाली. मराठा, शीख आणि मुसलमान जवानांची भरती करणारे हे दल पूल बांधणे, रस्ते करणे व मोडणे, सुरुंग पेरणे व काढणे अशी कामे करीत असे. पायदळ आणि रणगाडे पुढे सरकावेत यासाठी सॅपरला बहुधा त्यांच्याही आधी शत्रूच्या टापूत शिरावे लागते. सप्टेंबर १९४०मध्ये ही कंपनी पूर्व आफ्रिकेला रवाना झाली.

पूर्व आफ्रिकेतील मोहीम

इटलीने १९३६पासून ॲबिसिनिया (आजचा इथिओपिया) व्यापला होता. सुदानच्या सीमेवरील गॅलाबात हे ठाणे आणि सीमेपलीकडील मेतेम्मा हे गाव घेण्यासाठी नोव्हेंबर १९४०मध्ये ब्रिगेडियर विल्यम स्लिम यांच्या १०व्या भारतीय ब्रिगेडने चढाई केली. ती फसली. माघार घेताना शत्रूला रोखण्यासाठी एका मोरीवर निकामी झालेले दोन रणगाडे स्फोटके भरून उभे करण्यात आले. त्यांपैकी एकातील स्फोटके उडाली नाहीत. तेव्हा गोळीबारात धावत जाऊन भगत यांनी ती उडवली आणि मोरी कोसळली. या कामगिरीबद्दल युद्धवृत्तात त्यांचा गौरवपूर्ण उल्लेख झाला.

जानेवारी १९४१च्या अखेरीस इटालियन सैन्य मेतेम्मा सोडून गोंदरच्या दिशेने मागे हटू लागले. जाताना त्याने वाटेत जागोजागी भूसुरुंग पेरले. ३१ जानेवारीच्या रात्री सुरू झालेल्या पाठलागात रस्ता मोकळा करण्याचे काम भगत यांच्या तुकडीवर आले. सर्वांत पुढच्या ब्रेन कॅरियरमध्ये (साखळीपट्ट्यांवर चालणारे हलके चिलखती वाहन) बसून त्यांनी चार दिवस संपूर्ण सैन्यदलाची वाट काढली. सुमारे ५५ मैलांच्या (८८ किमी) अंतरात त्यांनी १५ सुरुंगक्षेत्रे शोधून ती निकामी करवून घेतली. दोनदा त्यांचे वाहन सुरुंगावर उडाले व सोबतचे सैनिक हताहत झाले. तिसऱ्यांदा ते दबा धरून बसलेल्या शत्रूच्या माऱ्यात सापडले. स्फोटाने त्यांच्या एका कानाचा पडदा फाटला. थकव्यामुळे त्यांना बदली अधिकारी देऊ करण्यात आला, तेव्हा हे काम पुरे करण्यास आता आपणच अधिक पात्र आहोत, असे सांगून त्यांनी नकार दिला. १० जून १९४१ रोजी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. मानपत्रात त्यांच्या धैर्याबरोबरच ९६ तास टिकलेल्या चिकाटीचा आवर्जून उल्लेख आहे.

भारतीय सैनिकांना १९११पासून हा सन्मान मिळू शकत होता आणि पहिल्या महायुद्धात अनेकांनी तो मिळवलाही होता. मात्र कमिशनप्राप्त अधिकाऱ्याच्या पदावरील भारतीय त्यांत नव्हता. भारतीय तरुण अधिकारी म्हणून नेतृत्व करू शकतील काय, अशी शंका ब्रिटिश वर्तुळात घेतली जात असे. अकादमीतून बाहेर पडून दोन वर्षेही न झालेल्या या अधिकाऱ्याने त्या शंकेला कृतीने उत्तर दिले.

कौटुंबिक जीवन

भगत यांचा विवाह आफ्रिकेतून परतल्यावर फेब्रुवारी १९४२मध्ये पुणे येथे झाला. या दांपत्याला एक कन्या होती. लवकर पोरके झालेल्या भगत यांच्या आयुष्यात या छोट्या कुटुंबाला मोठे स्थान होते. पुढील तीन दशकांत वारंवार होणाऱ्या बदल्या आणि सीमेवरील नेमणुका यांतून त्यांचा संसार झाला.

१९६२ची चौकशी

चीनशी झालेल्या युद्धाच्या सुमारास ब्रिगेडियर भगत हे इंडियन मिलिटरी अकादमीचे कमांडंट होते. युद्धातील पराभवाची लष्करी कारणमीमांसा करण्यासाठी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स यांची नेमणूक झाली आणि त्यांच्या जोडीला भगत यांना घेण्यात आले. १९६३मध्ये सादर झालेला हा अहवाल ‘हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल’ या नावाने ओळखला जातो. शासनाने तो अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. त्याचा काही भाग पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी २०१४मध्ये उघड केला. संरक्षणविषयक विचार भगत यांनी ‘फोर्जिंग द शील्ड’ (१९६५) आणि ‘द शील्ड अँड द स्वोर्ड’ या पुस्तकांतून मांडले.

सेनाप्रमुखपदे आणि नियंत्रणरेषा

१९७०मध्ये भगत लखनौ येथील मध्य विभागाचे सेनाप्रमुख झाले. १९७१मध्ये गोमती नदीला आलेल्या महापुरात शहराच्या रक्षणासाठी त्यांनी सैन्य उतरवले. १९७२मध्ये उधमपूर येथे उत्तर विभाग नव्याने स्थापन झाला, त्याचे ते पहिले सेनाप्रमुख होत.

सिमला करारानुसार जम्मू-काश्मीरमधील नियंत्रणरेषा नकाशावर निश्चित करावयाची होती. भारताच्या वतीने भगत आणि पाकिस्तानच्या वतीने लेफ्टनंट जनरल अब्दुल हमीद खान यांनी वाटाघाटी केल्या. ११ डिसेंबर १९७२ रोजी सुचेतगड येथे दोघांनी आखणीच्या दस्तऐवजावर स्वाक्षऱ्या केल्या. हीच रेषा आजही कायम आहे.

निवृत्ती आणि निधन

जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर यांच्यानंतर भगत भूदलप्रमुख होतील अशी लष्करात सर्वसाधारण अपेक्षा होती. तथापि शासनाने बेवूर यांना मुदतवाढ दिली आणि त्या काळातच, १९७४मध्ये, भगत सेवानिवृत्त झाले. या निर्णयाची चर्चा लष्करी वर्तुळात पुढे दीर्घकाळ होत राहिली. भगत यांनी लगेच दामोदर खोरे महामंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि तेथील विस्कळीत झालेली वीजनिर्मिती सुधारण्याचे काम हाती घेतले. या पदावर वर्षही पूर्ण होण्यापूर्वी २३ मे १९७५ रोजी कलकत्ता येथे औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेमुळे त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५६ वर्षांचे होते.