पान, धोतर आणि खानोलकरांचा निबंध

वसईजवळच्या उमेळ्यात आमच्या आजोबांची पानवेल होती. वसईची पानं तेव्हा करंड्यांत बांधून रेल्वेनं पार उत्तरेकडे जायची. घरात पान खाण्याला कुणी व्यसन म्हणत नसे. आल्यागेल्याला पाण्याच्या तांब्यामागोमाग पानाचं तबक यायचं. जेवण झालं की आजी पानाच्या शिरा काढायची, बोटानं चुना लावायची, कातरलेली सुपारी आणि तंबाखूची चिमूट घालून विडा डाव्या गालात धरायची. त्याच गालात तिला गाठ आली. पुढे मी परळच्या एका वैद्यकीय ग्रंथालयात नोकरीला लागले, आणि डॉ. वसंत रामजी खानोलकरांचे निबंध हाती आले ते आजीचा गाल डोळ्यांपुढे असतानाच.

टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं आणि खानोलकर तिथल्या विकृतिशास्त्राचे प्रमुख झाले. भारतात कॅन्सर फारसा होत नाही, असं तेव्हा डॉक्टरसुद्धा मानत. खानोलकरांनी १९४४ साली मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकी नियतकालिकात छापला. हजार रुग्ण, तेही एकाच शहरात पाहिलेले! त्यानंतर तो समज टिकणं कठीणच होतं.

पण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो सहलेखिका सूर्याबाईंच्या सोबतीनं लिहिलेला १९४५ चा निबंध. विषय होता लोकांच्या रीती आणि त्यांतून होणारे तीन तऱ्हेचे कॅन्सर. चुना चोळलेली खैनी ओठामागे धरून ठेवणाऱ्याला तिथेच व्रण होतो. आंध्रच्या किनाऱ्याकडे चुट्टा या जाड विडीचं पेटतं टोक तोंडात ठेवून ओढतात, त्यांना टाळूला होतो. आणि धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट कसल्यानं कमरेच्या कातडीला होतो. गाठ नेमकी कुठे आणि माणसाची सवय नेमकी कोणती, याची सांगड घालायची, एवढंच त्यांनी केलं. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाइतकंच रुग्णाशी बोलणंही लागतं. आमच्या आजोबांच्या कमरेवर धोतराच्या गाठीखाली काळपट, जाड पट्टा होता. आम्ही मुलं त्यावरून बोट फिरवायचो. त्या पट्ट्यावर कुणी शास्त्रीय निबंध लिहिला असेल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

ग्रंथालयात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’चे जाडजूड खंड होते. युजीन गारफिल्ड यांनी १९६४ पासून ते छापायला घेतले. मुंगीएवढ्या अक्षरांत शास्त्रज्ञाचं नाव, त्याखाली त्याचा निबंध, आणि त्याखाली तो निबंध पुढे कुणी कुणी आधाराला घेतला त्यांची यादी. भिंग घेऊन खानोलकरांच्या नावाखालच्या ओळी पाहणं हा माझा आवडता उद्योग होता. त्यांचे निबंध शंभराहून जास्त. पण त्या आकड्यापेक्षा खालच्या ओळी जास्त बोलतात, असं माझं मत आहे. एखादा निबंध वीस-तीस वर्षांनीही दूरच्या कुणाला लागतो, म्हणजे त्यातला प्रश्न अजून जिवंत आहे.

आणि त्यांच्या हाताखाली घडलेली माणसं तर त्या यादीत येतच नाहीत. १९५२ साली परळला भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचे पहिले संचालक खानोलकर. पुण्याच्या कमल समर्थ, म्हणजे कमल रणदिवे, यांनी त्यांच्याच हाताखाली १९४९ साली पीएच.डी. केली, बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केलं आणि परतून या केंद्रात ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. कॅन्सर आणि कुष्ठरोगावरचे त्यांचे निबंध दोनशेच्या वर आहेत. तंबाखूवरचं कामही चालूच राहिलं: सांघवी, राव आणि खानोलकर यांनी १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तंबाखू ओढणं आणि चघळणं यांचा तोंड-घशाच्या कॅन्सरशी संबंध मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं तंबाखू घातलेल्या पानाला १९८५ साली कर्ककारक ठरवलं. आमच्याकडे लोक तेव्हाही म्हणत, तंबाखू नको, नुसतं पान-सुपारी चालेल. २००४ साली त्याच संस्थेनं सुपारीवरही तोच शिक्का मारला. आजीला हे सांगायला फार उशीर झाला होता.

धोतर आता गेलं, म्हणून तो तिसरा कॅन्सरही गेला असं मी धरून चालले होते. पण २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांची हकिकत छापली. एकीनं परकराची नाडी कमरेला घट्ट आवळलेली, दुसरी चाळीस वर्षं परकराशिवाय लुगडं नेसणारी. दोघींना कॅन्सर झाला तो कसलेल्या जागीच. लुगडं नेसणाऱ्या म्हाताऱ्या बायका आमच्या वसईत अजून आहेत. भेटली की मी प्रत्येकीला सांगते, गाठ सैल बांधा, रोज एकाच जागी बांधू नका, आणि कमरेवरची जखम भरत नसेल तर हळद चेपून गप्प बसू नका, डॉक्टरला दाखवा.